‘प्रकृती स्थिर’ या शब्दांनंतरचे तीन आठवडे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावर कंटेनरखाली सापडलेला दुचाकीस्वार, मुंब्रा बायपासवर उलटलेला टेम्पो, दिवा आणि कळव्याच्या मधे लोकलमधून पडलेला तरुण, उरणकडे जाणाऱ्या ट्रेलरने उडवलेला कामगार. अशा बातम्या वरचेवर येतात आणि त्यांचा शेवट ठरलेला असतो: ‘जखमीवर अतिदक्षता विभागात उपचार सुरू असून प्रकृती स्थिर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले.’ हे वाक्य आमच्यापैकीच कोणीतरी सांगितलेले असते, त्यामुळे वार्ताहराला दोष देण्यात अर्थ नाही. पण ते वाचून नातेवाईक, शेजारी, कामावरचे साहेब, सगळेच सैल पडतात, आणि आमची धास्ती नेमकी त्याच दिवशी सुरू होते. म्हणून हे पत्र.

‘स्थिर’ याचा अर्थ एवढाच की या घडीला रक्तदाब टिकून आहे. तो कशाच्या जोरावर टिकला आहे, ते त्या शब्दात येत नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलिनचा, म्हणजे रक्तदाब चढवणाऱ्या औषधाचा, पंप जोरात चालू असतानाही मॉनिटरवर ११०/७० दिसते. म्हणून भेटीच्या वेळी ‘कसा आहे?’ असे विचारण्याऐवजी तीन आकडे विचारावेत: ऑक्सिजन किती टक्क्यांवर आहे, बीपीच्या औषधाचा पंप कालच्यापेक्षा वर गेला की खाली आला, आणि गेल्या सहा तासांत लघवी किती झाली. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. व्हेंटिलेटरवर तो ४० टक्क्यांच्या आसपास उतरला की नळी काढण्याची भाषा सुरू करता येते. ८० वर असेल तर ‘स्थिर’ या शब्दावर विसंबू नये. लघवी दर किलो वजनामागे ताशी अर्धा मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ताशी ३० मिली तरी हवी. हे विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर राग त्यांच्यापाशी राहू द्यावा, आकडा घेऊन यावा.

गंभीर बहुआघात, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी झालेल्या मोठ्या जखमा, कशाला म्हणायचे, याचे एक माप आहे. शरीराचे सहा भाग पाडून प्रत्येक भागातल्या जखमेला तीव्रतेप्रमाणे गुण देतात, सर्वांत वाईट तीन भागांच्या गुणांचा वर्ग करतात आणि बेरीज करतात. कमाल ७५, १५ च्या पुढे गंभीर. मांडीचे हाड मोडले ३, चार बरगड्या मोडल्या ३, मेंदूवर रक्ताची गाठ ४. नऊ, नऊ आणि सोळा मिळून ३४ झाले. यातली प्रत्येक जखम एकेकटी असती तर बहुतेक जण त्यातून उठतात. एकत्र आल्या की एकीचा उपचार दुसरीच्या मुळावर येतो: गाठ वाढू नये म्हणून रक्त पातळ करणारे औषध थांबवावे, तर मोडलेल्या पायातल्या शिरेत रक्त साकळते, फुप्फुसाला कमी सलाइन हवे, तर चिरडलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंडाला जास्त हवे. पुढे जे लिहिले आहे त्यातला बराचसा भाग या ओढाताणीचाच आहे.

पहिल्या काही तासांत मारते ते रक्त वाहणे, आणि वाहते रक्त थांबू न देणारी थंडी. ठाण्यात कसली आली थंडी, असे वाटेल. जुलैच्या पावसात अर्धा तास रस्त्यावर पडलेला माणूस भिजल्या कपड्यांनिशी येतो, एसीच्या खोलीत उघडा ठेवला जातो आणि त्याच्या शिरेत खोलीच्या तापमानाचे दोन लिटर सलाइन जाते. अंगाचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की रक्त गोठवणारी प्रथिने मंदावतात, प्लेटलेट आळसावतात. रक्तपुरवठा तुटल्याने रक्तात आम्ल साठते, पीएच ७.२ च्या खाली गेला की गोठणे आणखी बिघडते. सलाइनने उरलेसुरले पातळ होते. वर रक्ताच्या पिशवीत ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेले असते, ते पेशंटचे कॅल्शियम बांधून टाकते, आणि कॅल्शियमशिवाय ना रक्त गोठत ना हृदय जोर धरत. म्हणून पिशव्या भराभर चढवताना मधूनमधून कॅल्शियम द्यावेच लागते. छोट्या ठिकाणी सर्वांत आधी विसरले जाते ते हेच, कारण ‘रक्त चालू आहे ना’ एवढ्यावर सगळ्यांचे समाधान झालेले असते.

यावर उपाय महागडे नाहीत. ओले कपडे कात्रीने कापून काढणे, ब्लँकेट, कोमट सलाइन. रक्त द्यायचे तर लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट जवळपास सारख्या प्रमाणात. गोठवलेला प्लाझ्मा ३७ अंशांच्या पाण्यात वितळायला वीस ते तीस मिनिटे लागतात, त्यामुळे ब्लड बँकेला फोन पेशंट दारात पोचण्याआधी जायला हवा. आणि ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड, म्हणजे झालेली गुठळी विरघळू न देणारे औषध: १ ग्रॅम दहा मिनिटांत, नंतर १ ग्रॅम आठ तासांत. २०१० साली ४० देशांतल्या वीस हजारांहून अधिक जखमींवरच्या अभ्यासाने दाखवले की हे इंजेक्शन वेळेवर दिल्याने मृत्यू कमी होतात. पण तीन तास उलटल्यावर सुरू केले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात. हे औषध बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी प्रसूतिगृहांच्या कपाटातही असते. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत तीन तास कसे संपतात, हे ठाणेकरांना सांगायला नको. पहिल्या दवाखान्यानेच ते देऊन वेळ कागदावर लिहिली तर पुढच्यांचे काम सोपे होते.

यानंतर नातेवाइकांची पहिली तक्रार येते: ‘मांडीत रॉड का नाही टाकला? बाहेरून सळ्या लावून का ठेवल्यात?’ कारण अपघात हा शरीराला बसलेला पहिला तडाखा असतो आणि मोठे ऑपरेशन हा दुसरा. रक्तातले लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की साठणारे द्रव्य) ४ च्या खाली, पीएच ७.२५ च्या वर आणि रक्तदाब हाती असेल तर मांडीचा रॉड पहिल्या ३६ तासांत टाकणे चांगलेच. तसे नसेल तर बाहेरून फिक्सेटर लावून हाड नुसते स्थिर करतात, पोटात रक्त वाहत असेल तर गॉजच्या घड्या दाबून पोट उघडेच ठेवतात आणि पेशंटला आयसीयूत आणून ऊब, रक्त, ऑक्सिजन देतात. घड्या एक ते तीन दिवसांत काढतात. दुसरा ते चौथा दिवस सर्वांत नाजूक असतो. दाह शिगेला पोचलेला असतो, आणि त्या दिवसांत हाडाची पोकळी कोरून रॉड ठोकला तर चांगली चालणारी फुप्फुसे पांढरी पडू शकतात. पक्के काम साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान. ‘पाच दिवस नुसते पाडून ठेवले’ हा आरोप बहुतेक वेळा याच दिवसांबद्दल असतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. जिथे खरोखरच कोणी बघितले नाही अशी प्रकरणेही असतात. फरक ओळखायचा तर लॅक्टेटचे रोजचे आकडे मागावेत. वाट पाहणारा आकडे दाखवू शकतो.

याच काळात, २४ ते ७२ तासांत, लांब हाडातली चरबी रक्तात मिसळून फुप्फुसात आणि मेंदूत अडकू शकते. आदल्या दिवशी बोलणारा माणूस अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागतो, ऑक्सिजन उतरतो, काखेत, छातीवर आणि पापणीच्या आत बारीक लाल ठिपके उमटतात. ठिपके सगळ्यांना येत नाहीत आणि आले तरी लवकर विरतात. सावळ्या कातडीवर ते सहज दिसत नाहीत; पापणी खाली ओढून बघावी लागते.

आता पायाविषयी, जरा सविस्तर, कारण इथे तासांचा हिशेब असतो आणि चूक झाली तर पाय जातो. पोटरीचे स्नायू घट्ट आवरणांच्या चार कप्प्यांत असतात. हाड मोडले, आत रक्त आणि सूज साठली, की कप्प्यातला दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या दबतात. शुद्धीवरचा माणूस वेदनेने ओरडतो, पायाचा अंगठा नुसता वर ओढला तरी किंचाळतो. झोपेच्या औषधावर व्हेंटिलेटरला असलेला माणूस ओरडत नाही. म्हणून पोटरी दर एक-दोन तासांनी हाताने चाचपायची असते. लाकडासारखी कडक लागली तर सुईने दाब मोजायचा. रक्तदाबाचा खालचा आकडा आणि कप्प्यातला दाब यांच्यातले अंतर ३० पेक्षा कमी झाले की आवरण लांब चिरून उघडावे लागते. सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘नाडी लागतेय, पाय ठीक आहे.’ कप्प्यातला दाब मोठ्या धमनीच्या दाबाइतका क्वचितच चढतो. स्नायू आत मरत असताना पावलावरची नाडी लागत राहते. सहा तासांच्या पुढे नुकसान भरून येत नाही. प्लास्टर किंवा घट्ट पट्टी असेल तर ती कातडीपर्यंत पूर्ण कापायची, वरवर सैल करून भागत नाही. त्या उघड्या चिरा पाहून घरच्यांच्या पोटात गोळा येतो, पण त्या काही दिवसांनी शिवल्या जातात किंवा त्यावर कातडी लावली जाते.

ट्रकच्या केबिनमध्ये किंवा यंत्राखाली तास-दोन तास पाय अडकलेला असेल तर याच्या पुढचा धोका असतो. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखालून काढलेले जखमी आधी बरे दिसत आणि काही दिवसांत लघवी बंद होऊन मरत. बायवॉटर्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये ते नोंदवले. चिरडलेल्या स्नायूतले मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडाच्या नळ्यांत अडकते आणि पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय थांबवू शकते. लघवी कोऱ्या चहासारखी दिसली की रक्तातले सीके, म्हणजे स्नायू मेल्यावर वाढणारे द्रव्य, तपासावे. ५,००० च्या वर असेल तर मूत्रपिंड धोक्यात आहे. अडकलेला पाय मोकळा करण्याच्या आधीच शिरेतून सलाइन सुरू व्हायला हवे, मोठ्या माणसाला सुरुवातीला ताशी लिटरभर, आणि नंतर लघवी ताशी २०० ते ३०० मिली राहील असे. तळोजा किंवा महापे औद्योगिक पट्ट्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी एवढे पाठ ठेवावे: गॅस कटर येईपर्यंतचा वेळ नुसता वाट पाहण्यात घालवायचा नाही, १०८ च्या डॉक्टरला तेवढ्यात सलाइन लावू द्यायचे.

पोटातही असाच दाब वाढतो. लघवीच्या नळीतून २५ मिली सलाइन मूत्राशयात सोडून तो मोजता येतो; २० च्या वर आणि सोबत एखादा अवयव बंद पडत असेल तर पोट उघडावे लागते. मोजायला पाच मिनिटे पुरतात.

मेंदूबद्दल थोडक्यात. अपघाताच्या क्षणी मेंदूला जे झाले ते परत फिरवता येत नाही; त्यानंतर होणारे टाळता येते. वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला तरी त्या पेशंटचे भवितव्य बदलते. डोके ३० अंश वर, मान सरळ, कॉलर इतकी घट्ट नको की गळ्याच्या शिरा दबतील, रक्तातले सोडियम पडू द्यायचे नाही, ताप उतरवायचा.

तिसऱ्या दिवसापासून लढाई फुप्फुसात जाते. मार बसलेले फुप्फुस पहिल्या दिवशी एक्स-रेत स्वच्छ दिसू शकते. २४ ते ४८ तासांत ते पांढरे होते. व्हेंटिलेटर इथे वाचवतो आणि चुकीचा लावला तर इजाही करतो. श्वास किती मोठा द्यायचा हे पेशंटच्या उंचीवरून ठरते, पोटाच्या घेरावरून नाही: १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे गृहीत वजन ६६ किलो, त्याला दर किलोला ६ मिलीप्रमाणे सुमारे ४०० मिलीचा श्वास. प्रत्यक्षात तो ९० किलोचा असेल आणि कोणी त्या वजनावर हिशेब केला तर ५४० मिली जातात आणि आधीच सुजलेले फुप्फुस फुग्यासारखे ताणले जाते. छोट्या श्वासाच्या या पद्धतीने २००० सालच्या अमेरिकी अभ्यासात मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. सगळ्यात स्वस्त उपचार हा: उंची मोजायची टेप. झोपलेल्या माणसाची उंची डोळ्यांनी अंदाजून लिहिलेली सर्रास दिसते.

आणि मग व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया. ४८ तासांनंतर तो कधीही येऊ शकतो. घशात साठलेली लाळ आणि पोटातून वर आलेले पाणी श्वासाच्या नळीच्या टोकाशी असलेल्या फुग्याच्या कडेने खाली झिरपते. ते रोखायला यंत्र लागत नाही, शिस्त लागते. पलंगाचा डोक्याकडचा भाग ३० ते ४५ अंश. पाठीचा कणा मोडला असेल तर पलंग मधून न वाकवता सगळाच तिरका. नळीच्या फुग्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरच्या मधे, दर पाळीला मापकाने पाहिलेला. बोटाने दाबून ‘बरोबर वाटतोय’ म्हणणे म्हणजे न पाहिल्यासारखेच. ब्रशने दात घासणे. सकाळी झोपेचे औषध थांबवून पेशंट जागा होतो का, अर्धा तास स्वतः श्वास घेतो का, हे रोज पाहणे. यात बिघडते कुठे? अंग पुसण्यासाठी पलंग सपाट केला जातो. मग एक्स-रेवाला येतो, त्याला सपाटच हवा असतो. मग ड्रेसिंग. मग पाळी बदलते. संध्याकाळी भेटीला आलेल्या मुलाला पलंग सपाट दिसला तर त्याने सिस्टरला नम्रपणे विचारावे, ‘डोकं वर करायचं राहिलंय का?’ कणा किंवा रक्तदाब यांमुळे मुद्दाम सपाट ठेवला असेल तर ती तसे सांगेल. एका सिस्टरकडे तीन-तीन व्हेंटिलेटर असताना पलंग सपाट राहतो, हेही लिहायला हवे. आजारी व्हेंटिलेटर पेशंटला एकास एक परिचारिका हवी, आणि ती नेमायची जबाबदारी तिची नसते.

आपल्याकडच्या आयसीयूत जे जंतू सापडतात, अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला, त्यांतले अनेक मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकलाही दाद देत नाहीत. मग कोलिस्टिन द्यावे लागते आणि ते मूत्रपिंडाला मारक असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा ताप पाहून ‘मोठं अँटिबायोटिक सुरू करा’ असा आग्रह धरू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांतला ताप पुष्कळदा जखमांच्या दाहाचा असतो. आधी रक्ताचे आणि नळीतल्या कफाचे कल्चर, म्हणजे कोणता जंतू आहे ते पाहणारी तपासणी, मग औषध. उघड्या फ्रॅक्चरचे अँटिबायोटिक मात्र वेगळे: ते पहिल्या तासातच जायला हवे. भेटीला येणाऱ्यांनी हात चोळून जावे, पुरते वीस ते तीस सेकंद, आणि बाहेर येतानाही. देवळातला अंगारा कपाळाला लावायला कोणाची हरकत नसते. तोंडात तीर्थ घालायला आहे, कारण ते पोटात न जाता फुप्फुसात जाते. शहाळ्याचे पाणीही तसेच.

सात ते दहा दिवसांच्या आसपास गळ्यातून नळी घालण्याचा विषय निघतो. ‘गळ्याला भोक पाडलं म्हणजे गेला’ ही समजूत आमच्या रोजच्या कामात सर्वांत जास्त आड येते. तोंडातली नळी निघाल्याने झोपेचे औषध कमी लागते, कफ काढणे सोपे होते, पेशंट लवकर खुर्चीत बसतो. गरज संपली की नळी काढतात आणि भोक काही दिवसांत आपोआप भरते.

शिरेतल्या गाठीचा उल्लेख वर आला. कॅनडातल्या १९९४ च्या अभ्यासात प्रतिबंधक उपचार न दिलेल्या गंभीर जखमींपैकी ५८ टक्क्यांच्या पायांतल्या खोल शिरांमध्ये गाठी सापडल्या. गाठ सुटून फुप्फुसात गेली की उठून बसलेला माणूस बसल्या जागी कोसळतो. रक्तस्राव थांबल्यावर एनोक्सापॅरिन हे रक्त पातळ करणारे इंजेक्शन सुरू करायचे. मेंदूत रक्त असेल तर पुन्हा सीटी करून गाठ वाढली नाही हे पाहून, सहसा एक ते तीन दिवसांत. तोवर पोटऱ्यांना हवेचे पंप. पंपाचे पट्टे पलंगाच्या पायथ्याशी लटकत आणि यंत्र मात्र इमानाने हवा फुंकत, हे दृश्य आयसीयूत काम केलेल्या कोणालाही ओळखीचे आहे.

आता घरच्यांनी लपवू नये अशी गोष्ट. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अपघाताच्या दिवशी एकदम तुटते. दोन ते चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, तो नळ्या उपटतो, फिट येते. हे डोक्याच्या माराने झाले, जंतुसंसर्गाने झाले की चरबी अडकल्याने, असा शोध घेत सीटी आणि तपासण्या होतात, कारण बायकोने सासऱ्यांसमोर ‘कधीतरी घेतात’ असे सांगितलेले असते. तिला बाजूला घेऊन विचारणे हे आमचे काम. खरे सांगणे तिचे. ग्लुकोजच्या आधी बी-१ ची सुई द्यावी लागते, ती राहून गेली तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तसेच अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू होती का, हे पहिल्या तासात कळायला हवे. घरातली औषधांची पिशवी जशीच्या तशी घेऊन यावी. चष्मा आणि कानाचे यंत्रही आणावे. म्हातारी माणसे भ्रमात जाण्याचे एक साधे कारण म्हणजे त्यांना दिवसभर ना नीट दिसते ना ऐकू येते.

आहार पहिल्या २४ ते ४८ तासांत नाकातल्या नळीतून सुरू व्हावा. अंथरुणातले स्नायू फार वेगाने वितळतात. २०१३ मधल्या एका अभ्यासात दहा दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू सुमारे १८ टक्क्यांनी बारीक झालेला मोजला गेला. साखर १८० च्या खाली ठेवली की पुरे, फार खाली खेचू नये. दर दोन तासांनी कुशी बदलणे. कणा मोडलेल्याला चौघांनी मिळून एका रेषेत. जखम फक्त पाठीला होत नाही, डोक्याच्या मागच्या भागाला, टाचेला आणि कॉलरच्या खालीही होते. प्लीहा काढली असेल तर साधारण १४ दिवसांनी न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलसच्या लसी; डिस्चार्जच्या कागदावर हे नसेल तर विचारावे.

आणि सुटलेली फ्रॅक्चर. मोठ्या जखमांच्या धावपळीत मनगट, बोटे, पाऊल यांतली मोडलेली हाडे नजरेतून निसटतात. २४ तासांनी डोक्यापासून पायापर्यंत नव्याने तपासणी करायची आणि पेशंट शुद्धीवर आल्यावर पुन्हा एकदा, कारण कुठे दुखते ते आता तो सांगू शकतो. तपासणी झाली का, हा प्रश्न विचारायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

राहिला पैशाचा आणि बदलीचा विषय, आणि त्यासाठी वर्तमानपत्राने आवाज उठवावा. ५ मे २०२५ रोजी अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात विनारोकड उपचार मिळतात, दीड लाख रुपयांपर्यंत आणि अपघाताच्या तारखेपासून जास्तीत जास्त सात दिवस. योजना चांगली आहे, सुरुवातीच्या रक्तस्रावातून ती जीव वाचवील. पण वर लिहिलेले तपासा: पक्का रॉड पाचवा ते दहावा दिवस, गळ्याची नळी सात ते दहा, न्यूमोनिया आणि त्यातून होणारा सेप्सिस (जंतुसंसर्गाने अवयव बंद पडू लागणे) पहिल्या आठवड्याच्या शेवटी. नेमका त्या टप्प्यावर हिशेब बंद होतो. तीव्रतेचे गुण १५ च्या वर असतील तर मुदत २१ दिवसांची करावी, असे आमचे म्हणणे आहे. आणि लोकलमधून पडलेला माणूस या योजनेत बसतच नाही, कारण लोकल हे मोटार वाहन नव्हे. दिवा-मुंब्रा-कळवा पट्ट्यात राहणाऱ्यांसाठी ही बारीकशी बाब नाही. तोवर निदान एवढे करावे: पहिल्याच दिवशी रुग्णालय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत आहे का ते पाहावे, रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटावे. आठव्या दिवशी धावाधाव करून उपयोग होत नाही.

पैसे संपले म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी पेशंट हलवणे ही सर्वांत वाईट वेळ. न्यूरोसर्जन, चोवीस तास सीटी आणि ब्लड बँक जिथे नाही तिथून हलवायचे तर पहिल्या काही तासांत, रक्तस्राव आवरून, लगेच. उशिरा हलवावेच लागले तर ऑक्सिजनचा हिशेब कागदावर मांडावा: बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो, मिनिटाला १५ लिटर लागत असेल तर तो शंभर मिनिटांत संपतो. गायमुख घाट किंवा कोपरी पूल ज्याने संध्याकाळी सातला पाहिला आहे तो एका सिलिंडरवर निघणार नाही. सोबतच्या कागदावर ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड आणि एनोक्सापॅरिनची शेवटची वेळ, दर तासाची लघवी, कोणत्या पायावर नजर ठेवायची ते, आणि सीटीची सीडी हवी. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. कल्चरचे रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी जुन्या रुग्णालयात येतात आणि तिथल्याच फाइलला लागून राहतात. ते नव्या ठिकाणी कोण कळवणार, त्याचे नाव आणि फोन नंबर निघण्याआधी त्याच कागदावर लिहून घ्यावा.

कळावे,
आपले,
ठाणे व नवी मुंबईतील अतिदक्षता विभागांत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका